रस्त्यावरची फुगडी

भाद्रपद अजून पंधरवडाभर लांब आहे आणि माझा मोबाईल आतापासूनच वाजायला लागलाय. वाडीच्या ग्रुपवर सकाळच्या चहाला एक रंगीत चित्र येतं, दुपारी भाताचं आधण ठेवलं की दुसरं. भव्य महोत्सव. खुली फुगडी स्पर्धा. डबलबारी भजनाचा जंगी सामना. वहिनींसाठी खास खेळ आणि पैठणी. वरच्या ओळीत गोल गोल चेहरे, सगळ्यांचे हात जोडलेले, सगळ्यांचे दात सारखे. त्याखाली निमंत्रक, स्वागतोत्सुक, शुभेच्छुक. आणि अगदी तळाला, चष्मा लावूनही दिसू नये अशा अक्षरात, ज्यांच्यासाठी लोक जमणार त्यांचा उल्लेख: स्थानिक कलाकार.

हे दोन शब्द वाचले की माझं डोकं फिरतं. स्थानिक कलाकार म्हणजे ज्यांचं नाव विचारायची गरज पडत नाही ते.

मी कणकवलीकडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मालवण शहर आमच्या वाडीपासून चांगलं लांब होतं. मधे शेतं होती, एक व्हाळ, म्हणजे ओढा होता, चालून दम लागायचा. आता शहर पसरत पसरत आमच्या कुंपणाला येऊन टेकलंय. जिथे भात लावायचो तिथे इंग्रजी नावाच्या दोन इमारती उभ्या आहेत, आणि एप्रिलात त्यांच्या दारात पाण्याचे टँकर. आम्हाला आता कुणी वाडी म्हणत नाही. 'शहरालगतचा परिसर' म्हणतात. आणि परिसराला करमणूक लागते, म्हणून दर हंगामाला कुणी ना कुणी मांडव घालून ती आणून देतं. जणू त्याआधी आम्ही संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून बसत होतो.

नव्या सुनेला भाद्रपदातली पहिली संध्याकाळ विसरता येत नाही. माझ्या सासरी गणपतीवरच्या लाकडी माटवीला कवंडळं आणि कांगणी अशा रानफळांचे घोस टांगलेले, बाहेर पागोळ्या गळतायत, अंगणात शेवाळ. स्वयंपाकघरातून नारळाच्या चवाचा आणि ओल्या सरपणाच्या धुराचा वास. आरती आटोपली, पुरुष भजनाला बसायच्या आत बायकांनी ओटीवरच्या खुर्च्या बाजूला सारल्या आणि पदर खोचले. मी भिंतीला चिकटून उभी. तेवढ्यात एक सावळी, उंच बाई माझ्यासमोर येऊन हात पसरून म्हणाली, "ये गो. भितंस कित्याक? पडलंस तर माझ्या अंगार पडतलंस."

त्या इंदूकाकी. माझ्या सासऱ्यांच्या चुलतभावाची बायको. पहाटे मासळीच्या लिलावाला जायच्या, दुपारपर्यंत दारोदार विकून यायच्या, आणि भाद्रपद लागला की वाडीच्या फुगडीच्या पुढारी व्हायच्या. त्यांचे तळहात जाड होते, मासळीच्या काट्यांनी आणि मिठाने घट्ट झालेले. एकदा त्यांनी हात धरले की सुटायची भीती उरायची नाही. पायाचे अंगठे जुळवायचे, मागे झुकायचं आणि सगळा भार समोरच्या बाईच्या हातांवर टाकून फिरायचं. मग घर फिरतं, दिवा फिरतो, गणपतीचं मखर फिरतं, फक्त समोरचा चेहरा जागच्या जागी राहतो. सासरी आल्यावर मी पहिल्यांदा कुणाच्या डोळ्यांत नीट पाहिलं असेल तर ते इंदूकाकींच्या.

आणि त्या गाणी रचायच्या. उभ्या उभ्या. कुणाचा घोव पगार घेऊन घरी यायच्या आधी कुठे थांबतो, तलाठी दारात आला की चहा कितीदा मागतो, एसटी कुठल्या वळणावर रुसते, सगळं त्यांच्या गाण्यात यायचं. ज्याच्यावर गाणं तो पडवीतच बसलेला असायचा आणि खाली मान घालून हसायचा. कुणी रागावलंच तर म्हणायच्या, "माज्यार राग कसलो? तू तसा करू नको, मी तसा गावचंय नाय."

त्यांची जोडी ठरलेली. कातरीनमावशी. देवळाच्या मागच्या वळणावर तिचं घर, दारात क्रॉस आणि त्याच्याभोवती अबोलीची रोपं. वाडीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज तिनेच शिवलेले. अंगाने बारीक, गुडघ्याखाली येणारा निळा फ्रॉक, केसांचा लहानसा अंबाडा. दोघी एका अंगणात वाढलेल्या. नाताळात तिच्याकडून नेवऱ्या यायच्या, चतुर्थीला आमच्याकडून मोदक जायचे, आणि आरती झाली की ती दाराशी येऊन चपला काढायची. एका वर्षी मुंबईहून आलेल्या एका पाहुण्या बाईने विचारलंच, "तुम्हाला चालतं का हे?" मावशी हसली. "देवाची फुगडी तुमची, बाय. ही माझी आणि इंदूची."

फिरताना तिचा फ्रॉक छत्रीसारखा फुलायचा आणि आम्ही पोरीबाळी टाळ्या पिटायचो. ह्या दोघींइतक्या वेगाने वाडीत दुसरं कुणी फिरायचं नाही. साठी उलटल्यावरही नाही.

ज्या भाद्रपदाबद्दल मी लिहायला बसलेय, तो कातरीनमावशीचा वाडीतला शेवटचा. तिच्या मुलाने म्हापशाला घर बांधलं होतं आणि दिवाळीच्या आत तो तिला घेऊन जाणार होता. इथलं घर विकायचं ठरलेलं.  त्या वर्षी इंदूकाकी रोज संध्याकाळी मावशीला बोलावून घेत होत्या, या घरी, त्या घरी, जिथे गणपती असेल तिथे.

अशात प्रसाद आला. प्रसाद शेजारच्या वाडीतला, तेव्हा नुकताच राजकारणात शिरलेला, पांढरा शर्ट, मनगटावर जाड दोरा. शाळेच्या मैदानावर महोत्सव होता आणि त्यात आमच्या वाडीची फुगडी हवी होती. तो काकींच्या घरात मालवणी सोडून शुद्ध मराठी बोलत होता. ज्या पोराला इंदूकाकींनी उघडानागडा फिरताना बघितलं तो त्यांना म्हणत होता, "आपली कला मोठ्या व्यासपीठावर यायला हवी, काकी."

काकींनी मावशीकडे बघितलं. मावशी म्हणाली, "जावया गो इंदू. एकदा स्टेजार नाचून जातंय म्हापशाक. थंयच्यांका सांगूक काय तरी व्हया मगे."

म्हणून आम्ही गेलो. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण नंतर लोक म्हणाले की ह्या बायका भांडायलाच गेल्या होत्या. आम्ही हौसेने गेलो. सगळ्यांनी एका रंगाच्या साड्या नेसल्या, केसांत अबोलीचे वळेसर माळले. मावशीने फ्रॉकला नवी लेस लावली.

दुपारी जेवण आटोपताच या म्हणून निरोप होता. आलो. स्टेजच्या मागे ताडपत्रीखाली आम्हाला बसवलं, खाली चिखल, वर साचलेलं पाणी. जनरेटरचा धूर सरळ आमच्या तोंडावर. पुढे गाण्यांवर पोरं नाचली, पैठणीचा खेळ झाला, लकी ड्रॉ झाला, कुणाकुणाचे सत्कार झाले. आमची पाळी पुढे पुढे सरकत राहिली. कुणी पाणी विचारलं नाही. मावशीने एकदा बाहेर डोकावून प्रसादला हाक मारली, तर तो फोनवर बोलत हात हलवून निघून गेला.  

ऊन कलतं झालं तेव्हा आम्हाला वर ढकललं. खरंच ढकललं, "चला चला, पटपट" म्हणत. निवेदक कुठला तरी बाहेरचा होता, त्याला फुगडी म्हणजे काय हे कागदावर वाचून सांगावं लागत होतं. काकींनी सुरुवात केली. पहिलं कडवं झालं, आम्ही गोल धरला, मधे काकी आणि मावशी. वेग आला. फ्रॉक फुलला. मांडवातून शिट्ट्या आल्या, टाळ्या आल्या, आणि मला वाटलं की चला, दुपार वाया गेली नाही.

आणि आवाज गेला. माईक बंद. काकींचं गाणं उघड्यावर एकदम बारीक झालं. निवेदकाचा माईक मात्र चालू होता. "थांबा ताई, थांबा! आपले लाडके प्रमुख पाहुणे काही क्षणांत येत आहेत. सर्व महिला भगिनींनी दोन्ही बाजूंना रांगेत उभं राहायचं आहे."

फुगडी अशी थांबवता येत नाही. दोन बायका एकमेकींच्या भारावर फिरत असतात. मावशीचा पाय अडखळला, ती गुडघ्यावर आपटली, आणि काकींनी हात सोडले नाहीत म्हणून तेवढ्यावर निभावलं. नवी लेस फाटली. कुणी पुढे आलं नाही. प्रसाद पुढे आला तो पंचारतीचं तबक घेऊन. त्याने ते मावशीच्या हातात दिलं, खाली बसलेल्या बाईच्या हातात. दुसऱ्याने आमच्या हातात फुलांच्या पाकळ्यांच्या परड्या दिल्या.

"मावशी, तुम्ही पुढे उभ्या राहा. ओवाळा. फोटोत छान दिसेल," प्रसाद म्हणाला.

काकींनी ते तबक मावशीच्या हातातून घेतलं आणि स्टेजवर खाली ठेवलं. आदळलं नाही. ठेवलं.

"माजो देव घराक आसा," त्या म्हणाल्या. "ह्यांका कित्याक ओवाळू?"

"काकी, आता तमाशा नको. पाहुणे गेटवर येतायत."

"मगे आमी पण गेटारच जातंव."

मावशीला हाताला धरून त्या स्टेजवरून उतरल्या. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि मागोमाग निघालो. मांडवातल्या लोकांच्या मधून चालताना माझी मान आपोआप खाली जात होती, आणि पुढे काकींची ताठ पाठ दिसली की वर येत होती. मी शाळेत शिकवते. पुढच्या खुर्च्यांवर माझे वरिष्ठ बसले होते. मी त्यांच्यासमोरून गेले.

मैदानाच्या गेटबाहेर रस्ता अरुंद. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला शाळेचं कुंपण. काकी मधोमध उभ्या राहिल्या आणि मावशीकडे वळल्या. "गुडघो दुकता?"

"दुकता," मावशी म्हणाली.

"फिरतलंस?"

मावशीने फाटलेली लेस ओढून तोडली आणि गटारात टाकली. "धर."

पाहुण्यांची गाडी वळणावरून आली तेव्हा दोघी फिरत होत्या आणि आम्ही त्यांच्याभोवती गोल धरला होता. पुढच्या गाडीने हॉर्न दिला. मागच्या गाड्यांनी दिला. एक पोलीस धावत आला, "ओ बाई, बाजूला व्हा, साहेब आहेत." काकींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी गाणं उचललं, तिथल्या तिथे, आणि आम्ही मागून:

गाडी इली गाडी, काच तिची वर,
आमका बघूक लाज वाटता, जा परतान घर!

फुलां आमच्या परसातली देवासाठी लायली,
तुझे गाडयेर उधळूक नाय आमी वाढयली!

मांडव रिकामा होत गेला. लोक गेटावर आले, कुंपणावर चढले. पोरांनी मोबाईल वर धरले. आत निवेदक रिकाम्या खुर्च्यांना "शांतता राखा" सांगत होता. गाडीची काच खाली आली नाही. काळ्या काचेत मला आमचीच फिरती रांग दिसत होती, साड्या, अबोली आणि मधे निळा फ्रॉक. मागे गाड्या लागल्यामुळे पाहुण्यांना मागेही जाता येईना. ते आत बसून राहिले आणि आम्ही नाचत राहिलो. एवढ्या रागात मी आयुष्यात कधी नाचले नव्हते. रागात पाय हलके होतात हे मला त्या दिवशी कळलं.

दम संपला तेव्हाच काकी थांबल्या. मावशीच्या गुडघ्यातून रक्त ओघळून तळव्यापर्यंत आलं होतं. ती हसत होती. "देवा सायबा," ती धापा टाकत म्हणाली, "म्हापशाक सांगूक ह्या बरा गावला."

आम्ही बाजूला झालो. गाड्या आत गेल्या.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी आज इतकी चिडून लिहिलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून वाडीतच बोलणी सुरू झाली. पुरुषांचीच नव्हे. आमच्या रस्त्याचं काम मंजूर होतं, ते मागे पडलं, आणि खड्ड्यात पाय गेला की लोक प्रसादला नाही, काकींना शिव्या द्यायचे. ज्या बायका गोलात नाचल्या त्यातल्या काहींनी सांगितलं की आम्हाला ठाऊक नव्हतं, काकी गेल्या म्हणून गेलो. पुढच्या वर्षी बैठकीत ठरलं की ह्या वाडीचा गट नको, शिस्त नाही. दुसऱ्या गावच्या गटाला बोलावलं. त्यांचं गाणं आधीच रेकॉर्ड केलेलं होतं, कडवी तपासून घेतलेली. बायका गप्प तोंडाने फिरल्या. मी बघायला गेले होते. फुगडीत फू म्हणून श्वास सोडतात, त्यावरूनच ताल धरला जातो. तिथे श्वाससुद्धा स्पीकरमधून येत होता.

मावशी त्याच दिवाळीच्या आधी म्हापशाला गेली. जाताना अबोलीची रोपं उपटून काकींच्या परसात लावून गेली. तिच्या घराचं होमस्टे झालं आणि महोत्सवाला बाहेरून येणाऱ्या कलाकारांना आता तिथेच उतरवतात. काकी त्या वळणावरून मासळी न्यायच्या बंद झाल्या, लांबून देवळाला वळसा घालून जायच्या. यंदा मिरगाच्या सुमारास म्हापशाहून फोन आला की मावशी गेली. काकी मातीला जाऊन आल्या. परत आल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, "तिका तो निळो झगो घातलेलो नाय. मी इचारलंय. खंय गेलो म्हणान कोणाक म्हायती नाय."

आणि ह्याच पावसात आमची ती फुगडी एकाएकी प्रसिद्ध झाली. कुणीतरी तो जुना व्हिडिओ पुन्हा टाकला, खाली संगीत जोडून. मुंबई-पुण्याचे लोक बदाम टाकायला लागले. कोकणची नारीशक्ती. गाणं ऐकूच येत नव्हतं त्यात. कुणाच्या गाडीपुढे, कशासाठी, काही नाही. नुसत्या दोन म्हाताऱ्या, एक साडीत, एक फ्रॉकमध्ये, पावसाळी उजेडात गरगर फिरतायत.

परवा दुपारी मी काकींकडे बसले होते. त्या पडवीत सुंगटं, म्हणजे कोलंबी सोलत होत्या. फाटकाशी मोटार थांबली आणि प्रसाद उतरला. अंगाने भरलाय आता. बरोबर दोन माणसं, एकाच्या हातात शाल, नारळ, दुसऱ्याकडे गुंडाळलेला फ्लेक्स. त्याने वाकून काकींच्या पायाला हात लावला. काकींनी पाय मागे घेतले नाहीत, पुढेही केले नाहीत.

"काकी, यंदा महोत्सवात तुमचा सत्कार करायचं ठरलंय."

"कसलो?"

"रस्त्यावरच्या फुगडीचा. लोकांना फार आवडलीय ती. यंदा आपण ती परत करतोय. गेटच्या बाहेर रस्त्यावरच, गाडी उभी करून. लोकांना फोटो काढता येतील." त्याने खूण केली. माणसाने फ्लेक्स उलगडला. वर तेच गोल चेहरे, त्यात त्या दिवशीच्या काळ्या काचेमागचा चेहरा सगळ्यांत मोठा. खाली काकी आणि मावशी. 'दोन धर्म, एक फुगडी.'

उत्तर माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. काकींनी कोलंबीची परात बाजूला सारली आणि हात पुसले, म्हणून मी थांबले.

"फुगडी घालूक दोगां लागतत," त्या म्हणाल्या.

"त्याची काळजी तुम्ही करू नका. फ्रॉकवाली बाई आम्ही आणतो. गोव्याचा एक ग्रुप येणार आहे, त्यातली एखादी उभी करू. फ्रॉक सेम निळाच शिवून घेतोय."

 काकी फ्लेक्सजवळ गेल्या. मावशीच्या चेहऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हिचा नाव काय?"

प्रसाद हसला. "काकी..."

"सांग. नाव सांग, मी येतंय तुझ्या स्टेजार."

त्याने बरोबरच्या माणसाकडे बघितलं. त्या माणसाने फ्लेक्सकडे बघितलं, जणू तिथे कुठे छापलेलं असेल. मैलभरावरची वाडी. प्रसादच्या आईचे ब्लाऊज त्या बाईने शिवलेत. तिच्याच घरात ह्याचे पाहुणे झोपतात. त्याने खिशातून मोबाईल काढला. "थांबा, एक फोन करून सांगतो. चौकशी करतो."

"नको करू," काकी म्हणाल्या. आवाज इतका हळू की पुढे झुकून ऐकावं लागलं. "जेका तिचा नाव म्हायत नाय, तेणा तिचो फोटो लावूचो नाय. ह्यो काढ. तुझ्या वाडयेत लावलेलो असलो तर थंयसूनपण काढ. सगळे काढलंस काय माका येवन सांग. शाल तुझ्या आवशीक दी, तिका थंडी वाजता."

"काकी, छापून झालेत सगळे. आता ते..."

"जा."

 त्याने माणसाच्या हातातली शाल घेतली. फाटकाशी जाऊन तो बरोबरच्या माणसाला काहीतरी बोलला, चक्क मालवणीत, पण मला शब्द लागले नाहीत. मोटार गेली. फ्लेक्स उतरतील की नाही मला ठाऊक नाही. अजून तरी नाक्यावरचा तसाच आहे.

काकी परत परातीपाशी बसल्या. कोलंबी उचलली, ती निसटली, परत उचलली. बोटांत धरवत नव्हती. इतक्या वर्षांत मी त्यांचे हात असे बघितले नव्हते. मी परात माझ्याकडे ओढली.

"द्या काकी, मी सोलते. तुमचे हात थरथरतायत. वय झालं आता, बसा जरा भिंतीला टेकून."

त्यांनी परात माझ्या हातातून परत ओढून घेतली.

"वयान थरथरनत नाय गो," त्या म्हणाल्या. "रागान थरथरतत."